तळाच्या रकान्यातलं नाव

माझ्या टीममध्ये अकरा माणसं होती आणि त्यांतलं एक वाईट ठरवायचं होतं. वाईट कोण आहे, असं मला कोणी विचारलं नव्हतं. एक वाईट हवं, एवढंच वरून कळवलं होतं.

२००९ सालचा जानेवारी. तिकडे अमेरिकेत बँका बुडत होत्या आणि इकडे हडपसरच्या आमच्या काचेच्या इमारतीत एसी संध्याकाळी सहालाच बंद व्हायला लागला होता. आमची कंपनी तिकडच्या विमा कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायची. मी तिथे प्रोजेक्ट मॅनेजर. नाव गद्रे, मुक्काम सदाशिव पेठ, आणि स्वतःविषयीचं मत चांगलं.

आमच्याकडे दर वर्षी मॅनेजरने आपल्या माणसांना एक ते पाच अशा श्रेण्या द्यायच्या असत. नुसत्या द्यायच्या नाहीत, तर त्या बेल कर्व्हमध्ये बसवायच्या. थोडे उत्तम, पुष्कळ मध्यम, आणि तळाला दहा टक्के टाकाऊ. किती जण नापास करायचे हे परीक्षेआधीच ठरलेलं. माझे वडील शाळामास्तर होते, चाळीस वर्षं पेपर तपासलेले. त्यांना ही पद्धत समजावून सांगितली तेव्हा चष्मा न काढता म्हणाले, ‘‘मग तपासता कशाला? चिठ्ठ्या टाका.’’

चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर बरं झालं असतं.

श्रेण्या नक्की करायला सगळे मॅनेजर दोन दिवस एका खोलीत बसायचे. भिंतीवर तक्ता, मध्ये बिस्किटं, आणि प्रत्येकाने आपापल्या माणसांची वकिली करायची. मी चांगला वकील होतो. त्या वर्षी मी तीन जणांना वरच्या श्रेणीत चढवलं, सात जणांना मध्यम राखलं. शेवटी तळाचा रकाना उरला. तो रिकामा सोडला तर फॉर्म पुढे सरकत नसे.

खरं सांगायचं तर तिथे उत्तरेश्वरचं नाव जायला हवं होतं. पोरगा बार्शीकडचा, मेहनती, पण कामात धांदरट. नोव्हेंबरात त्याने ग्राहकाच्या दोन दिवसांच्या नोंदी पुसून टाकल्या होत्या. त्या पुन्हा उभ्या करायला अक्षता आली, रविवारी, आठवा महिना चालू असताना. पाय सुजले होते म्हणून खुर्चीसमोर खोकं घेऊन त्यावर पाय ठेवून तिने दिवसभर काम केलं. संध्याकाळी सगळं जागेवर आलं तेव्हा मी तिला म्हणालो होतो, ‘‘तुझ्यावाचून आमचं कसं व्हायचं?’’

पण उत्तरेश्वर रोज समोर दिसायचा. त्याने पलीकडच्या मांजरी गावात नुकतंच घर बुक केलं होतं, आईला गावाहून आणलं होतं. तो माझ्यासाठी मशीनची कॉफी आणायचा आणि त्यात साखर किती हे त्याला माहीत होतं. अक्षता दहा डिसेंबरपासून बारा आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेवर होती. तिचा मुलगा नाताळच्या आदल्या दिवशी झाला. मी मनाशी हिशेब केला, की ती घरी आनंदात आहे, श्रेणीचं तिला आत्ता काय पडलंय, पुढच्या वर्षी भरून काढू. दृष्टीआड सृष्टी. खोलीतल्या कोणीही विचारलं नाही. उलट एक जण म्हणाला, ‘‘वा गद्रे, तुमचं सोपं झालं. माझ्याकडे यंदा कोणी प्रेग्नंटच नाही.’’ सगळे हसले. मीही हसलो.

तळाची श्रेणी दिली की खाली शेरा लिहावा लागे. बाकीचे मॅनेजर ‘पुढाकार कमी पडतो’ असं लिहीत. ते सगळ्यांना चालतं, जसं लग्नपत्रिकेत ‘आहेर आणू नये’ चालतं. पण मला खोटं लिहायचा कंटाळा. अक्षताचा पुढाकार कमी नव्हता, मग तसं का लिहा? मी खरं ते लिहिलं. ‘सध्या रजेवर असल्याने उपलब्ध नाही, बाळ लहान असल्याने पुढेही उपलब्धता अनिश्चित.’ इंग्रजीत लिहिलं, व्याकरण दोनदा तपासलं, आणि बटण दाबलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कळलं की यंदा तळाची श्रेणी म्हणजे नुसती पगारवाढ बंद नाही, तर नोकरीच बंद. एकशे चाळीस जणांची यादी निघाली. अक्षताला पत्र गेलं, की रजा संपेल त्याच दिवशी तिची सेवाही संपेल. मला वाईट वाटलं. यादी माझ्या हातची नव्हती असं मी आठवडाभर स्वतःला सांगत होतो, आणि माझं मला ते पटतही होतं.

मग कंपनीत एक रजिस्टर्ड पोस्ट आलं. आमच्याकडे सगळा कारभार ईमेलवर. पोस्टमन पोचपावती पुढे करून रिसेप्शनला उभा, आणि सही कोणी करायची यावर तिथे वीस मिनिटं चर्चा. शेवटी सिक्युरिटीवाल्याने सही केली. पत्र अक्षताचं होतं. जेमतेम पाच ओळी. माझ्या कामात काय उणं होतं ते लेखी कळवावं. तळाच्या श्रेणीखालच्या शेऱ्याची प्रत मी कंपनीच्या सिस्टीमवरून काढली आहे, ती सोबत जोडते. त्यात कारण म्हणून फक्त माझी रजा दिली आहे. बाळंतपणाच्या रजेत, अथवा त्या रजेमुळे, कामावरून काढणं १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याच्या कलम बारानुसार बेकायदेशीर आहे. आपली नम्र.

एचआरच्या उल्का मॅडमनी मला बोलावून घेतलं. बाई हुशार, बोलणं गोड, आणि रागावल्या की आणखी गोड.

‘‘गद्रे, हा शेरा तुम्हीच लिहिलात?’’

‘‘हो.’’

‘‘सगळी कंपनी ‘पुढाकार’ लिहिते. आपल्यालाच साहित्य सुचलं का?’’

‘‘खरं ते लिहिलं.’’

‘‘तेच तर.’’ त्यांनी कागद खाली ठेवला. ‘‘आणि हा कायदा आपल्याला लागू होतो का हो? आपण आयटी. आपल्याकडे कामगार कुठे आहेत?’’

मला हसू आलं नाही, कारण माझाही तोच समज होता. कामगार कायदा म्हणजे कारखाना, भोंगा, लाल बावटा. आमच्या गळ्यात तर ओळखपत्र आणि टेबलावर ताण घालवायला दाबायचा रबराचा बॉल. त्या बॉलने कायदा आपल्यापासून लांब राहतो असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटत होतं.

उल्का मॅडमनी दोन कागद दिले. एक अक्षताच्या नावाचा तयार राजीनामा, ‘घरगुती कारणास्तव’. तिने सही केली की तीन महिन्यांचा पगार आणि उत्तम दाखला. नाही केली, तर पुढची कंपनी चौकशी करेल तेव्हा आमच्याकडून काय सांगितलं जाईल याची खात्री नाही. दुसरा कागद माझ्यासाठी. ‘उपलब्धता’ या शब्दाने मला कामातला उत्साह म्हणायचा होता, असा खुलासा. ‘‘तुम्हीच जा तिच्या घरी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्हाला मानते ती. आणि हो, जूनमध्ये तुमच्या बढतीचा विषय आहे, लक्षात आहे माझ्या.’’

रिकाम्या हाताने बाळ बघायला जाऊ नये म्हणून बायकोने लक्ष्मी रोडवरून झबलं-टोपडं आणून ठेवलं होतं. मी त्याच पिशवीत कागदांचं पाकीट सरकवलं. तिने पाहिलं.

‘‘बाळ बघायला चाललायत की त्याच्या आईची नोकरी घालवायला? काय ते एकदा ठरवा, म्हणजे त्याप्रमाणे पिशवी देते.’’

मी स्कूटरला किक मारली.

अक्षताचं सासर हडपसरच्या भाजी मंडईमागे, दुसऱ्या मजल्यावर. नवरा धम्मदीप बँकेत, तेव्हा कामावर होता. सासऱ्यांनी दार उघडलं. बाबुराव, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरात असूनही शर्टाच्या खिशाला दोन पेनं. सासू सुंदराबाई पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली कपाटात सालवार लावलेल्या फायली.

‘‘या सर, बसा की. हळू बोला पण, आत्ताच डोळा लागलाय लेकराचा,’’ सुंदराबाई म्हणाल्या. झबलं हातात घेऊन त्यांनी कापड चोळून पाहिलं. ‘‘मऊ हाय. कशाला एवढं आणायचं?’’

अक्षता बाहेर आली. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले.

‘‘सर, तुम्ही? कसे काय आलात?’’

‘‘बाळ बघायला.’’

‘‘बघितलंत?’’

‘‘हो. गोड आहे.’’

‘‘आणि?’’

मी पाकीट काढलं. तिने राजीनामा वाचला आणि खालपर्यंत वाचून पुन्हा वरून वाचला.

‘‘हे पत्र मी लिहिलंय?’’

‘‘नमुना आहे, अक्षता. तू विचार कर. तीन महिन्यांचा पगार मिळतोय. भांडणात पडलीस तर उद्या दुसरीकडे—’’

‘‘सर, मी तुम्हाला एक सांगू? पत्र आलं तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. तुम्ही तळाला टाकलंत म्हणजे उगाच नाही टाकणार. बाळ मांडीवर आणि लॅपटॉप पुढे घेऊन आठ दिवस मी वर्षभराच्या मेल वाचत बसले होते. कुठे कमी पडले ते शोधत. सापडेना. रडायचे आणि परत वाचायचे. मग बाबांनी विचारलं, काय शोधतेस? म्हटलं, कारण. तर म्हणाले, कारण तुझ्या मांडीवर आहे.’’

मला लाज वाटली, आणि ती लपवायला मी चहाचा मोठा घोट घेतला. जीभ भाजली.

‘‘कामगार खात्यात जायला ही तयार नव्हती,’’ बाबुराव म्हणाले. त्यांचा आवाज कचेरीतला, सपाट. ‘‘म्हणे मी इंजिनियर आहे, तिथे माझं काय काम. मी कायद्याचं पुस्तक पुढे ठेवलं. त्यात ‘स्त्री’ असा शब्द आहे. ‘इंजिनियर स्त्री सोडून’ असं काही मला तरी दिसलं नाही. आपल्याला दिसलं का, साहेब?’’

‘‘नाही.’’

‘‘आमच्या खात्यात पस्तीस वर्षं मी एकच शिकलो. तोंडी भांडण म्हणजे वारा. लेखी विचारावं, पोच घ्यावी, तारीख टाकावी. मग माणूस लहान असला तरी कागद मोठा होतो.’’ त्यांनी राजीनाम्याचा कागद उचलला. ‘‘ही प्रत आमच्याकडे राहू द्या. मी आपल्याला रीतसर पोच देतो.’’

इथे कोणीही शहाणा माणूस कागद परत घेऊन उठला असता. पण पोच देतो म्हटल्यावर मला नाही म्हणता येईना. व्यवहार चोख असला की आम्हाला भुरळ पडते. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘कंपनीने तयार केलेला राजीनाम्याचा नमुना, एक प्रत, बिनसहीचा, गद्रे साहेबांच्या हस्ते मिळाला.’ तारीख, वेळ, सही. मी ती पोच जपून पाकिटात ठेवली. आपण आपल्याच कंपनीविरुद्ध पुरावा दाखल करून आलोय हे मला मगरपट्ट्याच्या सिग्नलला लक्षात आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मार्चच्या सुरुवातीला शिवाजीनगरच्या कामगार खात्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. गाडीत उल्का मॅडम माझ्या शेजारी. ‘‘खुलाशावर सही केलीत?’’ मी म्हटलं, पेन विसरलो. त्यांनी पर्समधून पेन काढून दिलं. मी ते हातात धरून संचेती चौकापर्यंत गेलो आणि तिथे त्यांना परत केलं. त्यांनी काच वर केली.

निरीक्षक साहेब मध्यमवयीन, टेबलावर फायलींचा ढीग, मागे पंखा. एका बाजूला अक्षता आणि बाबुराव. सुंदराबाई बाळाला घेऊन बाहेरच्या बाकावर. आमच्या वकिलाने दहा मिनिटं जागतिक मंदी समजावून सांगितली. साहेबांनी ती ऐकून घेतली आणि माझ्याकडे वळले.

‘‘हा शेरा तुमचा?’’

‘‘माझा.’’

‘‘कंपनी म्हणते, उपलब्धता म्हणजे उत्साह. तुम्हाला काय म्हणायचं होतं?’’

माझ्या बढतीचा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. चांगला दोन-तीन श्वास रेंगाळला. पलीकडे अक्षता माझ्याकडे बघत नव्हती, टेबलाच्या कडेकडे बघत होती. तिची नोकरी आता माझ्या एका वाक्यावर होती आणि ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

‘‘उपलब्धता म्हणजे उपलब्धता,’’ मी म्हणालो. ‘‘ती रजेवर होती, म्हणून तसं लिहिलं.’’

‘‘आणि रजेवर नसती तर? तळाला टाकली असती?’’

‘‘नाही.’’

‘‘मग कोणाला— नको, ते राहू द्या. दुसऱ्याचं नाव हा माझा विषय नाही. पण मला एक सांगा, तळाला घालण्यासारखं कोणी नव्हतं तर तो रकाना रिकामा का नाही सोडला?’’

‘‘रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जात नाही, साहेब. कॉम्प्युटर अडवतो.’’

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. ‘‘इतकी शिकलेली माणसं तुम्ही,’’ ते म्हणाले आणि लिहायला लागले.

कंपनीने हुकूम निघायची वाट पाहिली नाही. आठवड्याभरात अक्षताचं कमी केल्याचं पत्र मागे घेतलं, श्रेणी मध्यम केली, आणि ‘गैरसमजाबद्दल खेद’ असं एक ईमेल गेलं. रजेत असलेल्या आणखी दोन बायकांची नावंही यादीतून गुपचूप निघाली. बाबुरावांनी त्या ईमेलचीही छापील प्रत, सहीनिशी, मागून घेतली असं ऐकलं. उत्तरेश्वरचं नाव कुठेच आलं नाही, त्याची नोकरी राहिली. माझी बढती जूनमध्ये निघालीच नाही, आणि उल्का मॅडम लिफ्टमध्ये भेटल्या की माझ्याशी फार गोड बोलू लागल्या.

मला मात्र त्या दिवसांत बरं वाटत होतं, हे कबूल करतो. लोक कँटीनमध्ये पाठीवर थाप मारायचे. ‘‘गद्रे, मानलं तुम्हाला.’’ बायकोने दोन दिवस टोमणा मारला नाही. मी खरं बोललो, त्याची किंमत मोजली, आणि एका मुलीची नोकरी वाचवली, असा एक नीटनेटका मजकूर माझ्या मनात तयार झाला होता. अक्षता परत आली की ती काय म्हणेल आणि मी कसं ‘अगं, त्यात काय’ म्हणेन, इथपर्यंत माझी तयारी होती.

ती मार्चअखेरीस परत आली. पहिले दोन दिवस तिने साचलेलं काम उपसलं. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर माझ्या टेबलाशी आली आणि एक फॉर्म पुढे ठेवला. दुसऱ्या टीममध्ये बदलीचा अर्ज. खाली सध्याच्या मॅनेजरची सही लागत होती.

मी फॉर्म दोनदा वाचला.

‘‘काही त्रास झाला का परत आल्यावर? कोणी काही बोललं?’’

‘‘नाही, सर.’’

‘‘मग? अगं, मी तिथे कंपनीच्या विरुद्ध बोललो. आता तुला माझ्याकडून कसली भीती आहे?’’ माझा आवाज चढला होता. शेजारच्या दोघांनी मान खाली घातली. मला राग आला होता आणि तो दाबायचंही सुचलं नाही.

अक्षता उभीच होती. तिचा आवाज चढला नाही.

‘‘तुम्ही साहेबांसमोर खरं बोललात, त्याबद्दल मी आभारी आहे. मनापासून. पण त्या दिवशी मी स्वतः तिथे बसले होते, सर. बाबा होते, त्यांची फाईल होती, कायदा होता. तुम्ही बोलला नसतात तरी आम्ही भांडलो असतो. जानेवारीत तुम्ही सगळे त्या खोलीत बसलात तेव्हा मी घरी होते. पंधरा-वीस दिवसांचं बाळ होतं. त्या खोलीत माझं म्हणता येईल असं एकच माणूस होतं.’’

मला वाटलं, अजून काही म्हणेल, निदान रडेल, म्हणजे मला समजूत घालता येईल. तिने फक्त पेन पुढे केलं.

मी सही केली. तारीख घालायची राहिली होती. तिने फॉर्म परत माझ्याकडे सरकवला आणि ती घालून घेतली.